परत आलेला नारळ

सुमित्राचं कुणी म्हणजे कुणी ऐकलं नाही. पोटच्या पोरीनं नाही, शिकल्यासवरल्या जावयानं नाही, नेपरव्हिलच्या त्या गोऱ्या डॉक्टरणीनं तर नाहीच नाही. चौथी शिकलेली, हर्णैच्या बंदरावर तीस वर्षं मासळी विकलेली बाई, तिला काय कळतंय, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. बरं, तुम्ही तरी ऐका. पटलं नाही तर सोडून द्या, पण मधेच हसू नका.

२००५ सालचा ऑगस्ट. लेकीला, यामिनीला, पाचवा महिना होता आणि तिच्या बाळंतपणासाठी सुमित्रा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन राहिली होती. जावई अवधूत कॉम्प्युटरवाला. त्याला ऑफिसात बक्षीस लागलं. अलास्कात, जिथं रस्ताच जात नाही अशा एका तळ्यावर चार दिवस राहायचं आणि मासे धरायचे. जायचं ते छोट्या विमानानं. ते विमान पाण्यावरच उतरतं आणि पाण्यावरनंच उडतं.

"आई, तुम्हीपण चला," अवधूत म्हणाला. "तुम्हाला मासे ओळखता येतात, मला नुसते खाता येतात."

"मासा ओळखायला विमान कशाला हवं, जावईबापू? मासा कल्ल्यावरनं ओळखावा आणि जावई पानावर."

तो खदाखदा हसला. गुणाचा होता. लग्नाला तीन वर्षं झाली, पण 'आई'शिवाय दुसऱ्या शब्दानं त्यानं तिला कधी हाक मारली नाही. आणि तिनंही 'जावईबापू' सोडून त्याचं नाव घेतलं नाही.

सुमित्रानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. एकोणीस तारखेला नारळी पुनव. म्हणजे नेमकी तिथं, त्या पाण्यावर. ती मुकाट्यानं देशी किराण्याच्या दुकानात गेली आणि शेंडीवाला नारळ घेऊन आली. विमानतळावरच्या माणसानं तो नारळ कानाशी धरून हलवून बघितला. "हलव बाबा, हलव," ती म्हणाली, "तुझ्या डोक्यापेक्षा भरलेला आहे." यामिनी लाजेनं लाल झाली.

नारळ का, तेही सांगते. सुमित्राचा नवरा दिगंबर पुनवेआधी दोन दिवस होडी घेऊन गेला होता. दर्याला नारळ दिला नव्हता अजून. आणि तो जेवणाचा डबा विसरला म्हणून सुमित्रानं किनाऱ्यावरनं त्याला मागून हाक मारली होती. पाण्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे कोळ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिनं मारली. दिगंबर परत आलाच नाही. हाडूकसुद्धा नाही. तेव्हा यामिनी चार वर्षांची होती.

तर ते लॉज. लॉज कसलं, ओंडक्यांचं घर, पुढ्यात पाण्यात शिरलेला फळ्यांचा धक्का आणि चारी बाजूंना काळं रान. मालक वॉल्ट, साठीचा, विमानही तोच उडवायचा. तिकडं यायला निघताना त्यानं प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं केलं, कारण छोट्या विमानाला नेमकं वजन कळावं लागतं. अवधूत एकशे साठ पौंड भरला. सुमित्राचा आकडा बघून वॉल्ट काही बोलला नाही, म्हणून तो तिला आवडला.

तिथं त्या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड असतो. उजेडच, पण आजाऱ्याच्या खोलीतल्यासारखा. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. हर्णैचा दर्या कसा दिवसभर बडबडतो, शिव्या देतो. हे तळं ऐकत बसलेलं. शेवाळ आणि भिजलेल्या लोखंडाचा वास होता त्याला.

धक्क्याच्या टोकाला खांबावर एक पितळी घंटा टांगलेली. वॉल्टनं पहिल्याच दिवशी बजावलं आणि यामिनीनं ते मराठीत सांगितलं. "बोटीतल्या माणसाला बोलवायचं तर घंटा वाजवायची म्हणतो. नावानं ओरडायचं नाही. कधीच नाही."

"का?"

"अस्वलं येत असतील, आई. त्यानं नाही सांगितलं."

"शहाणा माणूस आहे," सुमित्रा म्हणाली. तिला वाटलं, चला, इथंही कुणाला तरी अक्कल आहे.

पहिले दोन दिवस मजेत गेले. अवधूतनं हाताएवढे लाल साल्मन धरले. ते कापताना वॉल्ट डोकी फेकून द्यायला निघाला, तर सुमित्रानं त्याच्या हातातला सुरा काढून घेतला आणि डोक्यांचं कालवण केलं. अवधूतनं माशाचे डोळेसुद्धा चोखून खाल्ले. वॉल्ट घाम पुसत दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

पुनवेच्या संध्याकाळी तिनं नारळाला हळदकुंकू लावलं आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन पाण्यात सोडला. "शांत हो बाबा," ती पुटपुटली. "आम्ही परकी माणसं. जावयाला सांभाळ."

वारा पडला होता. पानही हलत नव्हतं. तरी नारळ सरळ रेषेत आत निघाला, कुणी दोरीनं ओढावा तसा. मधोमध गेला, थांबला. आणि बुडाला. एक बुडबुडासुद्धा आला नाही.

"घेतला," सुमित्रा म्हणाली. त्या रात्री ती बिनघोर झोपली.

सकाळी धुकं होतं. वॉल्ट पहाटेच विमान घेऊन इंधन आणायला गेला होता. सुमित्रा तोंड धुवायला बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. धक्क्याच्या टोकाला, काल ती उभी होती नेमकी तिथं, नारळ ठेवलेला. ठेवलेला म्हणते मी, वाहून आलेला नव्हे. फळ्या पाण्यापासून हातभर उंच. हळदकुंकू धुतलेलं. शेंडी भिजलेली आणि एका बाजूला नीट विंचरलेली.

ती तो उचलून घराशी घेऊन आली आणि तिनं तो पायरीच्या दगडावर फोडला. करवंटीला चीर नव्हती, भोक नव्हतं. पण आतनं नारळाचं पाणी आलं नाही. कोऱ्या चहासारखं काळं, बर्फगार पाणी भळकन सांडलं. आणि खोबऱ्याला आतनं चिकटलेली लालबुंद गाबोळी. माशाची अंडी... ताजी.

अवधूत उंच बूट चढवत होता. "आई, नासला असेल हो. एवढा प्रवास झाला."

"नासक्या नारळात गाबोळी धरते होय, जावईबापू? आज पाण्यावर जायचं नाही. पाया पडते."

"घंटेच्या टप्प्यातच राहतो, प्रॉमिस. काल एक मोठा निसटलाय, तो आणतो तुम्हाला. डोक्यासकट."

"आई, पुरे आता," यामिनी खेकसली. "बाबांचं तसं झालं म्हणून जगाचं तसंच होतं का?"

हे वाक्य सुमित्राच्या छातीत कोयत्यासारखं शिरलं. ती पायरीवरच बसून राहिली. होडीचं इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं, तशी मात्र ती उठून धक्क्याकडे पळाली.

होडी धुक्यात शिरत होती. अवधूतची पाठ दिसत होती, पिवळं जाकीट. होडीमागं पाणी फाटत चाललेलं, फाटणारच. पण त्या फाटेच्या बाजूनं आणखी एक फाट चालली होती. बारीक, शांत. होडीच्याच वेगानं.

घंटेची दोरी हाताशी होती. हे तिनं पुढं शंभरदा आठवलं. दोरी हाताला लागत होती. पण घाबरलेल्या माणसाच्या आधी त्याचं तोंड पळतं.

"अवधूत!" ती किंचाळली. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याचं नाव घेतलं. "अवधूत! परत ये!"

"ओ..."

उत्तर लगेच आलं. अवधूतच्याच आवाजात. पण समोरून नाही. तिच्या पायाखालून आलं, फळ्यांच्या खालून. तळव्यांना थरथर लागली तिच्या.

मग लांबून, धुक्यातून, खरा आवाज आला. "आई... काय झालं?"

आणि इंजिन बंद पडलं.

तिनं फळ्यांच्या फटीतून खाली बघितलं. काळं पाणी. नुसतं पाणी... पण हलणारं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यावर हलतं तसं.

यामिनी धावत आली. हाताला फोड येईपर्यंत तिनं घंटा वाजवली. दीड तासानं धुकं विरळ झालं तेव्हा होडी येताना दिसली. इंजिन बंद. वल्ही आत आडवी पडलेली. तरी होडी सरळ रेषेत येत होती, कालच्या नारळासारखी. अवधूत मधोमध ताठ बसला होता. कपडे कोरडे ठणठणीत. केसांतून मात्र पाणी निथळत होतं, थांबतच नव्हतं.

"काय झालं रे?" यामिनी रडत होती. "पडलास का? थंडी वाजतेय?"

"नाही," तो म्हणाला.

दुपारी वॉल्ट आला. त्यानं अवधूतकडे एकदाच बघितलं, मग घंटेकडे, आणि यामिनीला एकच गोष्ट विचारली. सुमित्राला इंग्रजी येत नाही, पण तो प्रश्न तिला कळला. हाक कुणी मारली?

यामिनीनं आईकडे बघितलं. बस्स. बघितलं फक्त.

वॉल्टनं त्याच दिवशी त्यांना परत न्यायचं ठरवलं. निघताना पुन्हा वजनकाटा. आला तेव्हा एकशे साठ भरलेला माणूस. काटा एकशे साठ ओलांडून गेला, दोनशे ओलांडून गेला, आणि दोनशे एकतीसवर जाऊन थरथरत थांबला. अंगावर तोच शर्ट, तीच पँट, तेच सुकलेलं पोट. वॉल्ट काट्याकडे बघत राहिला. मग त्यानं त्यांच्या सगळ्या बॅगा आणि मासळीचा खोका विमानातून उतरवून धक्क्यावर ठेवला. विमान उडेपर्यंत त्यानं मान मागं वळवली नाही.

नेपरव्हिलला आल्यावर सुमित्रानं दुसऱ्याच दिवशी डोक्याचं कालवण केलं. मुद्दाम. ताट समोर आलं, तसं अवधूतनं माशाचं डोकं दोन बोटांनी हळूच उलटं केलं. डोळे खाली. आणि ताट सारलं. पानावर जावई ओळखायचा असतो. तिनं ओळखला.

"यामिनी, हा तो नाही."

"आई, शॉक बसलाय त्याला. डॉक्टर काय म्हणाली ऐकलंस ना?"

"डॉक्टरणीनं वजन केलं का त्याचं?"

"वॉल्टचा काटा जुना होता!"

तो कामावर जाईना. दिवसभर न्हाणीघरात टब भरून पाय सोडून बसायचा. तो जिथं उभा राहील तिथला गालिचा ओला व्हायचा, आणि घरात तो वास यायला लागला. शेवाळ, भिजलेलं लोखंड. यामिनी वरच्या मजल्यावरून हाक मारायची, "अव..." आणि नाव पुरं व्हायच्या आत उत्तर यायचं, "ओ..." तो न्हाणीघरात असायचा, पण उत्तर यायचं स्वयंपाकघरातल्या मोरीतून. ते फक्त सुमित्राला ऐकू यायचं. यामिनीला नाही. किंवा ऐकू यायचं आणि ती कबूल करत नव्हती. सातवा महिना लागला होता तिला. ती त्याच्या शेजारी झोपत होती. सुमित्रा दाराबाहेर सतरंजी टाकून जागी बसायची. दुसरं काय करणार?

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, दोघी बाजारातून आल्या तर फोनचे निरोप टिपणाऱ्या यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकत होता. यामिनीनं बटण दाबलं. वॉल्टचा आवाज. सुमित्राला शब्द कळत नव्हते, ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा उतरत चालला होता.

"काय म्हणतो?"

"म्हणतो... तळं गोठायला आलंय. रोज दुपारी कुणीतरी घंटा वाजवतं, धक्क्यावर कुणी नसताना. आणि मग... मग तळ्यातून एक माणूस ओरडतो. त्याला भाषा कळत नाही. म्हणून आम्हाला ऐकवतो म्हणाला..."

यंत्रातून वारा ऐकू आला. मग घंटा, तीनदा. मग बराच वेळ नुसती खरखर. आणि तिच्या पार पलीकडून, गारठलेला, थकलेला, लहान मुलासारखा वाट बघणारा आवाज...

"आई... काय झालं?"

यामिनी भिंतीला धरून खाली बसली. दोन महिने जे सुमित्रा ओरडून सांगत होती, ते त्या तीन शब्दांत तिला पटलं. पण पटलं तेव्हा तिनं आईचा हात नाही धरला.

मागं गालिचा पचपचला. दारात तो उभा होता. कोरड्या कपड्यांत, केस निथळत.

"तू... कोण आहेस?" यामिनीनं विचारलं.

त्याच्या केसांतून गालिच्यावर पाणी टपकत राहिलं.

"माझ्या घरात... तुला कुणी बोलावलं?"

त्यानं यामिनीकडे बघितलंच नाही. मान सावकाश वळवली आणि सासूवर डोळे रोखले. न मिटणारे, माशाचे डोळे. तीन वर्षं जो तोंड भरून 'आई' म्हणायचा, त्याच तोंडानं, त्याच गोड आवाजात, त्यानं शांतपणे एक नाव घेतलं.

"सुमित्रा."