दुसरा माइक

माइकच्या टोप्या आणायला ताई स्वतः गेली. टोप्या म्हणजे माइकच्या तोंडावर चढवायच्या, काळ्या स्पंजच्या, लिंबाएवढ्या. असल्या कामाला कुणालाही पाठवता आलं असतं, पण दुसऱ्याला पाठवलं की तो चुकीची वस्तू आणतो आणि वर त्याला चहा पाजावा लागतो, असा ताईचा अनुभव. त्यापेक्षा आपले पाय बरे.

दुकानदाराने पाकीट पुढे सरकवलं. "एवढ्या? किती माइक आहेत तुमच्याकडे?"

"दोन. एकाच्याच लागतात. ओल्या होतात."

"गाणारा थुंकी उडवत असेल."

"त्या माइकवर गाणारं कुणी नसतं," ताईच्या तोंडून निघून गेलं.

दुकानदार हसला. ताई हसली नाही. पाकीट उचलून चालू पडली.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा म्हणेल बाईचं डोकं फिरलंय. ताईची पाठची बहीण, घरात जिला सगळे धाकटी म्हणत, ती गाणारी. गाणी तिचीच, चाली तिच्याच. गिटार गळ्यात अडकवून गावोगाव गायची. ताई तिच्याबरोबर गाडी चालवायची, कपड्यांना इस्त्री करायची आणि कार्यक्रम ठेवणाऱ्यांशी भांडायची. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. चार इयत्ता शिकली तेवढ्यातसुद्धा शाळेतल्या बाई सांगायच्या, सगळे म्हणतील तेव्हा तू नुसते ओठ हलव.

आणि तिसरी साळुंकी, धाकटीची मैत्रीण. हे लाडाने पडलेलं नाव. धाकटी मुख्य चाल गायची आणि साळुंकी थोडं खाली, दुसरा सूर धरून तिला साथ करायची. दोघी एकमेकींकडे तोंड करून, दोन माइकवर. घसा बसू नये म्हणून साळुंकी सतत निलगिरीची गोळी चघळायची. गाडीत तोच वास, कपड्यांत तोच. मग तिला छातीचं दुखणं लागलं आणि बघता बघता ती गेली. तिला शेवटची आंघोळ ताईने घातली, केसही तिनेच विंचरले.

पुढच्या दौऱ्याच्या पहिल्याच कार्यक्रमाला धाकटीने सांगितलं, दुसरा माइक लागलाच पाहिजे. तिच्या उंचीला, तिच्या जागी. त्याच्याशिवाय मला उभं राहता येत नाही. यांच्याबरोबर फिरणारा साउंडवाला, त्याला सगळे भाऊ म्हणत, त्याने माइक लावला, पण आवाज बंद ठेवला. दोन ओळी गाऊन धाकटी थांबली. भरल्या सभागृहासमोर त्याच्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तिला उघडा."

भाऊने उघडलं. तेव्हापासून तो माइक उघडाच.

"ताई, माणूस नाही तिथे माइक उघडा ठेवू नये," भाऊ नंतर म्हणाला होता.

"का, बिल वाढतं?"

तेव्हा ताईला विनोद सुचत होते.

टोप्या घेऊन ती सभागृहात परतली तेव्हा दुपार टळली होती. खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या, पडद्यांना धुळीचा जुनाट वास, मंचावर एकच दिवा. ताईने दुसऱ्या माइकची टोपी काढली. सकाळीच नवी घातलेली. बोटांना गारगार लागली. पिळली, तर थेंब पडला. आणि वास... निलगिरीचा.

ताईने ती टोपी कचऱ्यात टाकली, हात साडीला पुसला आणि नवी चढवली. भीती वाटली की हाताला काम द्यावं, हा तिचा नेम.

धाकटी माइक तपासायला उभी राहिली. ताई विंगेत इस्त्री करत होती. चार ओळी झाल्या आणि ताईचा हात थांबला. गाणं ओळखीचं, शब्द ओळखीचे, पण सूर काहीतरी लंगडा. घरातला कर्ता माणूस उठून गेल्यावर राहिलेल्या बोलण्यासारखा.

"भाऊ, हे काय गातेय ही?"

भाऊने कानावरचा हेडफोन काढला. त्याचा चेहरा पांढरा. "साथ गातेय. साळुंकीची साथ."

"मग मुख्य चाल कोण गाणार?"

भाऊने हेडफोन पुन्हा कानाला लावला नाही.

ताई तरातरा मंचावर गेली. "काय गं, आपलं सोडून दुसऱ्याचं का गातेयस?"

"वरचं ती गातेय ना," धाकटी म्हणाली. अगदी साधेपणाने. "तिला आवडतं. मी खाली राहते."

"कोण ती?"

धाकटीने समोर पाहिलं. माइककडे नाही. माइकच्या थोडं मागे, जिथे माणसाचे डोळे असतात तिथे.

त्या संध्याकाळी कार्यक्रम झाला. टाळ्या झाल्या. बाहेर पडताना एक बाई ताईचा हात धरून म्हणाली, "दोघींचे आवाज काय जुळतात हो. पण ती दुसरी दिसली नाही, पडद्यामागे होती का?"

ताई म्हणाली, "होय. लाजाळू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रस्त्याला लागल्यावर ताईने आरसा बहिणीवर वळवला. "तू पहिलं गाणं केलंस ना, आपल्या स्वयंपाकघरात बसून, मी भांडी घासत होते तेव्हा. ते म्हण."

धाकटी गाऊ लागली. खालचा सूर.

"तो नको. तुझी चाल म्हण."

धाकटी थांबली. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तोच खालचा. "ताई... चाल कशी होती गं?"

ताईने गाडी कडेला घेतली. पोरीने बाकी काही कमावलं नव्हतं. घर नाही, दार नाही. होत्या त्या चाली. त्याच जर तोंडातून काढून नेल्या, तर हाडामासाची बहीण उरेल, गाणारी उरणार नाही. आणि पुढच्याच आठवड्यात स्टुडिओत नव्या गाण्यांचं रेकॉर्डिंग. तिथे जे उमटेल ते कायमचं.

"असूदे," ताई गाडी सुरू करत म्हणाली. "गाठ माझ्याशी आहे."

हे ती धाकटीला म्हणाली की आणखी कुणाला, ते तिलाच ठाऊक.

स्टुडिओ म्हणजे खिडक्या नसलेल्या दोन खोल्या. एकीत भाऊ आणि त्याची यंत्रं, दुसरीत गाणारं माणूस, मध्ये जाड काच. भिंतींना सगळीकडे स्पंज. आवाज तिथे भिंतीवरून परत येत नाही, भिंत तो गिळून टाकते. बाहेर टळटळीत ऊन असलं तरी आत दिवस की रात्र कळत नाही. ताईला ती जागा कधीच आवडली नाही. बोललेलं परत येत नसेल, तर ते जातं कुठे?

धाकटीने इथेही दुसरा माइक लावून घेतला होता. गाणं झालं. भाऊने ते वाजवलं. खोलीतल्या स्पीकरवर एकट्या धाकटीची साथ, पोकळ, लंगडी. मग भाऊने हेडफोन ताईच्या कानाला लावला. तिथे दोन आवाज होते. वरचा मोठा, भरलेला, ताजा. श्वास घेताना गोळी दातांवर आपटल्याचा बारीक आवाज.

"तो माइक काढ," ताई म्हणाली.

"काढलाय." भाऊने टेबलाखालून वायरचं टोक वर धरलं. "जेवणाच्या सुट्टीतच काढली. ही बघा, हातात आहे."

यंत्रावर दुसऱ्या माइकचा आवाज दाखवणारी हिरवी पट्टी हलत होती. वर... खाली... वर. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

"आज बंद करू," भाऊ कुजबुजला. "ताई, मला घरी पोरं आहेत."

"मलाही घरी आई आहे. बस खाली."

ताई विचार करत राहिली. तिचं शिक्षण म्हणजे प्रवास. प्रवासात ती एक गोष्ट पक्की शिकली होती. शेजारी कुणी बसायला नको असेल तर भांडून उपयोग नाही, जागेवर पिशवी ठेवावी. रिकामी जागा दिसली की माणूस बसतंच. त्यात त्याचा तरी काय दोष? आपणच जागा झटकून, उशी टाकून, या या म्हणून बसलेलो.

"काढून जात नसेल तर जागा भरायची," ती म्हणाली आणि काचेपलीकडे गेली.

आत गारठा होता. दुसऱ्या माइकसमोर तर जास्तच, माठाच्या तोंडाशी हात नेल्यासारखा. धाकटी दचकली. "ताई, तिथे नको. ती उभी आहे."

"तिला म्हणावं सरक." ताईने हेडफोन चढवला.

आधी काहीच नाही. मग श्वास. अगदी कानाच्या आत, ओला, जवळचा. त्याच्याबरोबर तो वास.

ताईची पाठ घामाने भिजली, पण पाय तिने हलवले नाहीत. हळू आवाजात म्हणाली, "साळुंके, मी आहे. तुला पेज भरवली ती मी. तुझ्या केसांतला गुंता सोडवला, दुखलं नाही ना विचारलं... तीच मी. तू गेलीस, बाई. मी हाताने पाहिलंय. आता हिचं हिला देऊन टाक."

श्वास थांबला. मग कानात, अगदी हळू, गाणं सुरू झालं. धाकटीची नवी चाल. आणि समोर धाकटीचे ओठ आपोआप हलले, खालच्या सुरात.

"असं का," ताई म्हणाली, "बरं तर."

आणि तिने तोंड उघडलं.

ताईचं गाणं म्हणजे गंजलेलं फाटक. तिने तीच चाल, तेच शब्द, छातीच्या पूर्ण ताकदीने म्हणायला घेतले. वर जायचं तिथे ती खाली गेली, खाली यायचं तिथे किंचाळली. काचेपलीकडे भाऊने कान झाकले. कानातला आवाज तिच्या आवाजाला ढकलत होता, ताई त्याला कोपराने रेटत होती. ओठ टोपीला टेकले. टोपी बर्फासारखी, ओलीचिंब. एक कडवं झालं, दुसरं झालं. घसा सोलून निघाला, तरी बाई थांबेना.

"ताई, पुरे," धाकटी म्हणाली.

ताईने आवाज चढवला.

"ताई, असं नाहीये ते."

"मग कसं आहे?" ताई ओरडली आणि चुकीचीच ओळ पुन्हा घेतली, आधीपेक्षा वाईट.

धाकटीच्या कपाळावर आठी आली. आपलं लेकरू कुणी उलटं धरावं आणि आईने बघत राहावं, असं होत नाही. "अगं वर जायचंय तिथे. वर. असं..."

आणि ती गाऊ लागली. वरचा सूर. मुख्य चाल. स्वतःची. गाताना तिचे डोळे मोठे झाले, हरवलेली किल्ली स्वतःच्याच मुठीत सापडावी तसे. ती थांबली नाही. भाऊनेही तेवढी अक्कल ठेवली आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

ताईने दम खाण्यासाठी मोठा श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर टोपीतून काहीतरी गार तिच्या तोंडात शिरलं. जिभेवर निलगिरी. तिला थुंकता आलं असतं. पण थुंकलेलं कुठे जाईल? समोर धाकटी तोंड उघडून गात होती, दोन हातांवर.

ताईने ओठ मिटले आणि गिळलं.

हिरवी पट्टी खाली बसली. भाऊने नंतर सांगितलं, एकदम बसली, हात काढून घेतल्यासारखी.

सगळी गाणी त्या आठवड्यात पुरी झाली. आवाज धाकटीचा, चाली धाकटीच्या. ती जेवू लागली, भांडू लागली. एकदा तर म्हणाली, आता दुसरा माइक नको, उगाच जागा अडते. ताईनेच ऐकलं नाही. "राहू दे. मी उभी राहीन."

"तू? लोक पळून जातील."

"मी नुसते ओठ हलवीन."

आता दौऱ्यात रोज ताई दुसऱ्या माइकसमोर उभी राहते. ओठ हलवते. पहिल्या कार्यक्रमानंतर लोक येऊन म्हणाले, साथ काय सुंदर होती तुमची. धाकटी हसली, तिला वाटलं थट्टा करतात. भाऊ हसला नाही. तो आता ताईकडे बघायचं टाळतो आणि तिच्या माइकची टोपी काढायला चिमटा वापरतो.

ताईला भीती वाटत नाही असं नाही. पण तिने हिशेब लावलाय. तिच्या घशात चाली नव्हत्याच, मग नेणार काय? रिकाम्या घरात पाहुणा राहिला तर राहू दे. धाकटीचं घर भरलेलं आहे, तिकडे जायचं नाही. रोज सकाळी तोंड धुताना ती आरशाला हे बजावते, आवाज न काढता.

काल सकाळी तिने आईला फोन केला. आई गावी असते, कान तिचे तल्लख. ताईने विचारलं, गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसाय, छपराचं काम झालं का. आईने सगळ्याची उत्तरं दिली. नीट, मायेने, पण परक्या घरच्या मुलीशी बोलावं तशी, जरा सांभाळून.

मग म्हणाली, "बरं वाटलं हो, आठवणीने चौकशी केलीस. आता जरा ताईला दे फोन."