दोन तास मागे

इस्पितळाच्या तळघरात दोन मशिनं होती. एकात सगळ्या रुग्णांच्या नोंदी व्हायच्या. दुसरं त्याची नक्कल करत बसायचं. पहिलं कधी कोसळलंच तर हे कामाला यावं म्हणून. हे राखीव मशीन मुद्दाम दोन तास मागे चालवलं जाई. वर कुणाच्या हातून चुकून काही पुसलं गेलं, तर इथून परत काढता येई.

त्या सकाळी तेच बंद पडलं. ते सांभाळणारा अण्णा तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आजारी ताईच्या उशाशी बसला होता.

"अर्ध्या तासात येतो, ताई."

"तुझा अर्धा तास लहानपणापासून बघतेय मी," ताई हसली. "जा. पण ये हं."

खाली येऊन त्यानं रविवारचा बॅकअप चढवायला घेतला. त्यावर सोमवारपासूनच्या नोंदी ओळीनं चढवायच्या होत्या. जीव वर अडकलेला. त्या घाईत शेवटच्या नोंदी राहिल्या असतानाच त्यानं मशीन चालू करून टाकलं. एकदा चालू केलं की मागचं राहिलेलं काही त्यावर चढत नाही. झालं, पुन्हा पहिल्यापासून. बारा वाजून दहा मिनिटांनी ताई गेली, तेव्हा अण्णा पडद्यावरचा आकडा पुढे सरकण्याची वाट बघत होता.

वर जाऊन तो तिच्याजवळ बसला. मग ताईला न्यायचे कागद व्हायला वेळ आहे असं वॉर्डात म्हणाले, तेव्हा खाली आला. अर्धवट काम टाकून राहणं त्याला कधी जमलं नव्हतं.

पावणेदोनला मशीन सुरू झालं. त्याच्या लेखी तेव्हा पावणेबारा वाजले होते. नोंदी नीट येतात का, हे बघायला अण्णानं एक नाव उघडलं. कुणाचं, ते सांगायला नको. नाडी अठ्ठ्याऐंशी. शेरा : भावाची चौकशी करते.

पंख्यांची घरघर चालली होती. गार हवेला तापलेल्या धुळीचा वास होता. थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली. पुन्हा चौकशी करते.

दोन वाजून नऊ मिनिटांनी अण्णानं नोंदी येणंच थांबवलं. आता त्या मशीनमध्ये बारा दहा वाजणार नव्हते.

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर त्याला शोधत खाली आल्या.

"अण्णा, कागद झाले. चला."

"येतो. ती अजून विचारतेय..."

सिस्टरांनी वाकून पाहिलं. "मीच लिहिलंय हे. फोनही केला होता हो तुम्हाला. या आवाजात घंटा कुठली ऐकू येणार!"

तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ उमटली.

"तुम्ही थांबवलं होतं ना?" सिस्टरांचा आवाज खाली आला.

"थांबवलंय."

वेळ दोन वाजून सोळा मिनिटं. अगदी आत्ताची. नाव ताईचं. नाडीचा रकाना कोरा. शेरा : भाऊ भेटला. स्वस्थ आहे.

अण्णाचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले. मग खुर्चीचे हात धरून तो म्हणाला, "चला, सिस्टर."

सिस्टर हलल्या नाहीत.

"अण्णा... खाटेचा नंबर बघा."

तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेचा नंबर नव्हता. तळघरातल्या या खोलीचा होता. आणि खोलीत खाट कुठली. अण्णाच्या खुर्चीमागे, भिंतीपर्यंत, एक माणूस उभं राहील एवढीच जागा होती.