कपाळाचा नकाशा

एकादशीचं, दुपारी चारचं कीर्तन. कृष्णाकाठच्या विठ्ठल मंदिरात सत्तर-ऐंशी माणसं, कीर्तनाला उभ्या विभावरीताई आणि पेटीवर नेहमीप्रमाणे गौतमी. गावात दुकानांवर, एसटी स्टँडवर, अगदी शाळेच्या फाटकावरही आता चेहरे ओळखणारे कॅमेरे बसले होते. देवळात मात्र ताईंनी ते लावू दिले नव्हते. "विठोबाला माणसं ओळखायला यंत्र कशाला?" असं त्यांनी विश्वस्तांना विचारलं होतं. खरं कारण गौतमी होती. सात वर्षांपूर्वी ती मोडलेलं नाक घेऊन त्यांच्या दारी आली, तेव्हापासून तिचं नाव नवं होतं आणि बाहेर ती मास्क लावूनच पडे.

आज तिसऱ्या रांगेत श्रीनिवास बसला होता. तिचा नवरा.

कीर्तन चालू असताना साथीदार उठत नाही. ती वाजवत राहिली, तो मान डोलवत ऐकत राहिला.

पूर्वरंग संपला, ताईंना हार घातला गेला. डॉ. हेरंब दीक्षित बुक्क्याचं तबक घेऊन उठले. दर एकादशीला हे काम त्यांचंच. गौतमीच्या त्या नाकावर, तुंबलेल्या सायनसवर गेल्या वर्षी त्यांनीच शस्त्रक्रिया केली होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तो आलाय. ज्यानं नाक फोडलं तो."

त्यांनी तबक खाली ठेवलं. "कसं शक्य आहे? मी तुझं नाव काढूनच दिलं होतं."

"काय दिलं होतंत?"

ते पेटीशेजारी टेकले. "कपाळाचा नकाशा, स्कॅनवरून काढलेला. भुवयांमागे हवेच्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडा कुणाच्याच सारख्या नसतात. जुळ्यांच्यासुद्धा. तुझ्यात एक आडवी भिंत आहे, थेट डोळ्याच्या खोबणीपर्यंत. फार दुर्मीळ. असे नकाशे भांडारात ठेवतात, त्यावर शस्त्रक्रियेची यंत्रं शिकतात."

"मी नको म्हटलं होतं. दोनदा."

"हो. पण अशीच भिंत असलेल्या एका मुलीचा डोळा माझ्या हातून गेलाय गं. तुझा नकाशा दिल्यापासून तीन डोळे वाचले."

"आणि ह्याला कसं कळलं?"

डॉक्टरांची मान खाली गेली. "बेवारस मृतदेहांची ओळख पटवायलाही तेच भांडार वापरतात. हरवलेल्या माणसाचा जुना स्कॅन घरचे देतात. भांडारातल्या कुठल्याही नकाशाशी जुळला, की तो नकाशा कुठल्या गावातून आला ते त्यांना कळवतात. नाक मोडलं तेव्हा तुझा स्कॅन..."

"ह्यानंच काढून घेतला. जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं."

नाव कागदावरून निघालं होतं, हाडावरून नाही.

"कीर्तनात तुमचे डोळे भरून यायचे," गौतमी म्हणाली. "म्हणून ताईंनंतर फक्त तुम्हाला सांगितलं होतं सगळं."

तेवढ्यात बुक्का लावून घ्यायला रांग पुढे सरकली. श्रीनिवासनं तबकासमोर कपाळ वाकवलं. "ऋजुता, किती वाळलीस. घरी चल."

डॉक्टरांचं बोट बुक्क्यातच राहिलं.

"पाहुणे," ताईंनी उभ्या जागेवरूनच हाक दिली, "माझं कीर्तन अजून अर्धं आहे. पेटीपासून लांब बसा."

"बसतो की," तो हसला. "आता कसली घाई?"

तो जागेवर गेला. डॉक्टर कुजबुजले, "आजच पुसायला लावतो तो नकाशा."

गौतमीनं भाता ओढला, सूर धरला. "पुसा. पण दादा, हे कपाळ मी कुठं ठेवू?"