धनेशने साफ केलेला धवला

ही घटना खरी आहे. रचायची असती तर मी भूत जरा बरं निवडलं असतं, आणि भाचा तर नक्कीच.

साल २००७. मे महिना. भिवंडीजवळचं कोन गाव, माझ्या बहिणीचं, ताईचं घर. वेळ दुपारी चारची.

भूत रात्रीच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी भिवंडीचं लोडशेडिंग पाहिलेलं नाही.

माझा भाचा धनेश. गोदामात सुपरवायझर. कमरेला तळहाताएवढा कम्प्युटर आणि तो टोचायला प्लास्टिकची काडी. त्यात हा रोज नवा प्रोग्राम टाकायचा आणि आठवड्याने काढायचा. एकदा होकायंत्र टाकलं. गोदामात हरवत असावा.

"नुसता काढून भागत नाही, मामा," तो मला शिकवायचा. "प्रोग्राम गेला तरी त्याच्या फाइली मागे राहतात. मशीन जड होतं. एकेक शोधून उडवायच्या."

म्हणजे भाडेकरू गेला तरी माळ्यावर त्याचे डबे राहतात, तसं. डबा उघडून आत बघण्याची मात्र धनेशकडे पद्धत नव्हती.

आमची धवलारीण रंगूबाई. लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायचा मान तिचा. ती एक ओळ सांगणार, बाकीच्या बाया ती उचलणार. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव ती धवल्यात गुंफायची. ताईच्या लग्नात तीच होती. ताईच्या मुलीच्या, करिष्माच्या लग्नालाही तीच हवी होती. पण तिला खोकल्याने धरलं. म्हणून चैत्रात धनेशने तिचा धवला त्या यंत्रात भरून घेतला. तीस दिवस फुकट चालणाऱ्या प्रोग्रामवर.

पंधरा दिवसांनी रंगूबाई गेली.

"तिच्या आवाजाबिगर माझ्या पोरीला हळद लागायची न्हाय," ताईने जाहीर केलं.

हळदीच्या दुपारी बाया मांडवात बसल्या. हळद कालवून तयार. ताईने जिन्याखालून हाक मारली, "धनेश, लाव रं!"

धनेश वरच्या खोलीत माझ्यासमोर बसला होता. घामाघूम.

"मामा... उडाला."

"कोण?"

"धवला. प्रोग्रामची मुदत संपली म्हणून काढला. मागे त्याचं फोल्डर राहिलं होतं. मला वाटलं, कचरा. परवाच साफ केलं."

"दुसरीकडे कुठे ठेवलायस?"

"आई जीव घेईल माझा."

हे उत्तर नव्हतं, पण समजलं. मी त्याला गाढव म्हटलं. नंतर मनात गाढवाची माफी मागितली.

तेवढ्यात लाइट गेली.

गावातले कापडाचे लूम एकेक करून थांबले. ती खटखट आम्हाला जन्मापासून ऐकूच येत नाही. थांबली की मात्र ऐकू येते. मांडवातला लाउडस्पीकर मेला. जनरेटरवाला डिझेल आणायला गेला होता. अजून यायचाय.

धनेश काडीने टोचत राहिला...

"मामा, फोल्डर परत आलंय."

आत काही नव्हतं. त्याने ते उडवलं.

परत आलं.

पुन्हा उडवलं. घाबरला तरी साफसफाईची खोड जाईना.

परत आलं. आणि या वेळी आत... एक फाइल.

ती उघडेना. वाजवणारा प्रोग्रामच उरला नव्हता.

"बॅटरी काढ," मी म्हटलं. यंत्रांबद्दल मला एवढंच येतं.

त्याने बॅटरी काढली. पडदा काळा झाला.

आणि खाली... बाया गायला लागल्या.

एक ओळ. मग शांतता. मग दुसरी ओळ. पुन्हा शांतता.

त्या ओळ उचलत होत्या. पण सांगत कोण होतं?

आम्ही जिन्यात उभं राहून कान दिले. मधल्या शांततेत मला काहीच ऐकू येईना. धनेशलाही नाही. पंचवीस बाया मात्र एका सुरात, न अडखळता... करिष्माचं नाव आलं. ताईचं आलं. भावोजींचं आलं.

मग माझं आलं.

मी नकळत दोन पायऱ्या वर चढलो.

हळद लागली. ताई डोळे पुसत वर आली. "समोर बसल्यावानी वाटली रं ती! बेस लावलास."

धनेशच्या एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात बॅटरी. आणि हा पठ्ठ्या म्हणतो काय, "हो, जरा सेटिंग केलं!"

"समद्यांची नावं घेतली तिनं," ताई म्हणाली. "तुजंच तेवढं ऱ्हायलं. खोकला आला असंल."

मग काय, धनेशची कीर्ती झाली. पडघ्यापासून गणेशपुरीपर्यंत बोलावणी. बिनबॅटरीचं यंत्र पाटावर ठेवायचं, नारळ आणि मान घ्यायचा, मांडवाबाहेर जाऊन उभं राहायचं. आत बाया बरोबर गायच्या. बाहेर याला कधी एक अक्षर ऐकू आलं नाही.

"आईला खरं सांग," मी म्हटलं.

"चाललंय ना, मामा! कशाला छेडायचं?"

२००९ साली त्याचं स्वतःचं लग्न ठरलं. मुलगी पडघ्याची, दिपाली. हळदीला यंत्र पाटावर, शेजारी धनेश. या वेळी मी मांडवातच बसलो.

बाया गाऊ लागल्या. दिपालीचं नाव आलं. आमची सगळ्यांची आली. मग नवरदेवाच्या नावाची जागा आली, आणि...

बाया थांबल्या.

पुढची ओळ येईल म्हणून तोंडं तशीच उघडी. कोणी हललं नाही. ताई यंत्राकडे बघत राहिली.

"धनेश!" तो स्वतःच ओरडला. "अगं बायांनो, धनेश म्हणा ना!"

कोणी उचललं नाही.

लग्न झालं. संसार नीट चाललाय. फक्त ताई त्याला जेवायला हाक मारायला दारात येते आणि... थांबते. "अरं... ए..." म्हणते आणि आत जाते. मी हसायचो. सख्ख्या आईचं काय हे!

परवा हे सगळं लिहायला बसलो. "माझा भाचा" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. पुढचा शब्द येईना. अर्धा तास गेला. शेवटी लाज सोडून कोनला फोन लावला. दिपालीने घेतला.

"सूनबाई, तुझ्या नवऱ्याचं नाव काय गं?"

ती हसली नाही.

"थांबा हां मामा," म्हणाली. "पत्रिका बघून सांगते."