खांबाखांबावर सेसिली

ऑक्टोबर संपत आलेला, धुकं पाण्यावर टेकलेलं. बोटीचा दोर धक्क्याच्या खुंटाला अडकवून मी मान वर केली, तर समोरच्या दिव्याच्या खांबाला शिडी लावून एस्बेन चढलेला! काखेत एक बाई. म्हणजे बाईचा फोटो हो, निवडणुकीचा. पण काय जपून धरला होता मेल्याने!

"हे काय रे?" मी खालून ओरडले.

"सेसिली. पालिकेला उभी आहे. आज दुपारी बारापासून फलक लावायला मोकळीक ना, चांगले खांब आधी पटकावायला लागतात."

"पटकाव, पटकाव. खांब पटकाव, नाहीतर आणखी काही..."

तो हसला. हसला की त्याचे कान हलतात. मला ते कान फार आवडतात, आणि नेमके त्याच क्षणी ते पिळावेसे वाटले.

एस्बेन आमच्या बेटावरची एकुलती एक बस चालवतो. मी बोटीवर असते. दोर बांधायचे, गाड्या नीट लावून घ्यायच्या. आमची पालिका निम्मी पाण्याच्या अल्याड, निम्मी पल्याड. कचेरी, दवाखाना, मोठी शाळा सगळं पल्याड. अल्याड आम्ही, मेंढ्या आणि वारा. वसंतात तो इथे कामाला आला, तेव्हापासून संध्याकाळच्या बोटीला बस घेऊन धक्क्यावर उभा असायचा. उतारू सामानसुमान चढवेपर्यंत आम्ही कठड्याला टेकून एकच दालचिनीचा पाव अर्धा-अर्धा खायचो. बोलणं फारसं नाही. पण वाऱ्याने बोटीला कितीही उशीर होवो, बस जागची हलायची नाही. मला वाटायचं... वाटायचं काहीतरी.

आणि आता ही सेसिली! दुकानापाशी हसतेय, वळणावर हसतेय, चर्चच्या दारात हसतेय. माझ्या खिडकीसमोरच्या खांबावर तर सकाळी पडदा सारला की ही बया हजर. दात तरी किती असावेत माणसाला! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"रोन्या, हळू," आमचा कप्तान प्रेबेन म्हणाला. "त्या दोराने तुझं काय घोडं मारलंय?"

"मी कुठे रागावलेय?"

"छे छे. तुझं तोंड बघून मासे उगीचच बुडी मारतायत."

शेवटी मी पालिकेला फोन लावला. फलक जमिनीपासून किती उंच हवा, याचा नियम आहे, आणि आमच्या गल्लीतले दोन-चार वाऱ्याने खाली घसरले होते.

"एक तक्रार आहे," मी आवाज जाड करून म्हणाले. "पण मला नाव सांगायचं नाही."

"काही हरकत नाही," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "कोण बोलतंय?"

"रोन्या. बोटीवरची."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. आमच्याकडची माणसं अशीच. निनावी तक्रारसुद्धा आधी नाव सांगून मग करतात.

दुसऱ्या दिवशी बघते तर घसरलेले फलक वर सरकवायला एस्बेन पुन्हा शिडीवर, आणि खाली शिडी धरून साक्षात सेसिली! पिवळा रेनकोट, भिजलेले केस, फोटोपेक्षा देखणी. दोघंही खिदळतायत. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

संध्याकाळी बोट लागली. तो कठड्याशी आला, पाव न घेता.

"पालिकेतून फोन होता. तुझ्या नावासकट."

माझा चेहरा तापला. "मग? नियम म्हणजे नियम."

"नियमच ना? की सेसिली?"

"जा ना तिच्याकडे! एवढी आवडते तर घरात टांग तिला, खांबांना का त्रास?"

"घरात? बाई गं, आठवडाभर तेच तोंड बघतोय. वीट आलाय."

"मग लावतोस कशाला?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"नवं वेळापत्रक येतंय. बोट येवो न येवो, बस ठरल्या मिनिटाला सोडायची. मी थांबतो म्हणून मला दोनदा तंबी मिळालीये, रोन्या. उभ्या असलेल्यांत ही एकटीच म्हणाली, मी आले तर बस बोटीसाठी थांबेल."

"बरं झालं की. उतारूंची सोय..."

"खड्ड्यात गेले उतारू!" तो ओरडला. बसमधल्या म्हाताऱ्यांनी काचा पुसून बाहेर पाहिलं. तो घाईघाईने आवाज खाली आणत म्हणाला, "म्हणजे... उतारूही हवेतच. पण बस आधीच निघून गेली, तर तू मला दिसणार कधी गं?"

इतके दिवस ज्या बाईला मनातल्या मनात समुद्रात ढकलत होते, ती माझ्यासाठीच खांबावर लटकत होती! हसू येत होतं, रडूही येत होतं. दोराने काळे झालेले माझे दोन्ही हात मी त्याच्या कानांवर ठेवले.

"गाढवा," मी म्हणाले, "हे वसंतातच सांगायचं होतंस. मला तू आवडतोस. खूप."

आणि मी त्याचं चुंबन घेतलं. प्रेबेनने भोंगा वाजवला. एकदा नाही, चांगला लांबलचक. बसमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात परतीच्या बोटीसाठी पिवळा रेनकोट धावत आला. "अगं बाई!" सेसिली आम्हाला बघून थबकली, मग तेच फलकावरचं हसू हसली. "तूच रोन्या ना? मत देशील मला?"

काय सांगू, त्या हसण्याने मला पुन्हा मिरच्या झोंबल्या. मी एस्बेनचा हात गच्च धरला.

"मत तुझं," मी म्हणाले. "माणूस माझा."