माईंचा अंगठा

"कुलूप नाहीसं करता येत नाही, वैजयंतीबाई. फक्त मालक बदलता येतो," प्रयोगशाळेच्या टेबलावरचा फोन उलटा करत दिघे म्हणाले. "या फोनवरून चालणाऱ्या इन्सुलिनच्या शर्करापंपाला प्रत्येक हुकमावर सही लागते. आजवर ती कंपनीची होती. फोन कंपनीच्या ताब्यातून सोडवून उघडा केला, की मालकाचा जिवंत अंगठा."

"आणि मालक दूर असला तर?"

"त्याच्या फोनवर विचारणा जाते. उत्तर आलं नाही, तर सवयीप्रमाणे. जेवणाआधी वीस मिनिटं औषध आत."

अडचण त्या सवयीचीच होती. पंप वैजयंतीच्या सासूबाईंच्या, माईंच्या, पोटावर होता, आणि त्या बेचाळीस वर्षं संकष्टी करत होत्या. कंपनीच्या कुलूपबंद फोनला उपास ठाऊक नव्हता. बारा दहाला औषध सुटे, साखर घसरे, आणि चंद्रोदयाआधीच माईंना साखरेचा चमचा तोंडात घ्यावा लागे. सहा संकष्ट्या अशाच मोडल्या. "बाप्पा रागावत नाही गं," त्या म्हणत, "मीच थकते."

तीन दिवस खपून दिघ्यांनी फोन उघडा केला. संध्याकाळी देवघराशी बसून वैजयंतीने माईंचा अंगठा काचेवर टेकवला. नोंद होईना. पुसून टेकवला, ओला करून टेकवला. रोज सहाणेवर चंदन उगाळून रेषा पार झिजल्या होत्या. बाकी बोटांचीही तीच गत.

"तुझाच दे ना," माई म्हणाल्या. "घरातलीच तर आहेस."

वैजयंतीही दिवसभराची दमलेली. तिने आपला अंगठा ठेवला.

"नमस्कार, मालक," फोन म्हणाला.

"घ्या! या वयात सुनेच्या हाताखाली," माई हसल्या.

संकष्टीच्या दिवशी वैजयंती निर्धूळ कक्षात कामाला होती. तिथे फोन नेता येत नाही. तो दाराबाहेरच्या खणात राहतो. तीनला तिने खण उघडला.

११.५०: माई 'आज नको' म्हणतात. त्या मालक नाहीत. थांबवू?

१२.१०: उत्तर नाही. सवयीप्रमाणे औषध दिलं.

तिने घाईघाईने घरी फोन लावला. "माई! बऱ्या आहात ना?"

"आहे गं. खाल्ली साखर."

"चुकलं माझं."

"तुझं कसलं? कंपनीवर निदान चिडता तरी यायचं." मग माईंनी हळूच, अगदी संकोचून विचारलं, "पुढच्या संकष्टीला तुला रजा मिळेल का गं?"