पट्ट्यांचे बूट

झाडांना कागदी कंदील बांधून होईपर्यंत अंधार पडला. वस्तीच्या मंडळाची बाकीची माणसं घरी गेली होती. शिडी आवरायला मागे राहिले ते सत्तरी ओलांडलेले कुरामोची काका आणि विशीतली दोघं, मिओ नि शुन्पेई. थर्मासमधला चहा ओतत मिओने विचारलं, "काका, त्या कोपऱ्यातल्या बाकावर कंदील का नाही लावला?"

"इसोगाई लावू देत नाही."

"तो छापखानेवाला? बाक काय त्याच्या मालकीचा आहे?"

"बस खाली," काका म्हणाले. "सांगतो. पण मध्ये खिदळायचं नाही. शुन्पेई, तुला खास सांगतोय." आणि त्यांनी सांगितलं ते असं.

इसोगाई तेत्सुओ हा सरळ माणूस. साकेचे चार प्याले पोटात गेले तरी थापा मारणार नाही. आयुष्यात त्याने थापा मारल्या त्या एकाच माणसाला, आपल्या आईला. फुमिएबाईंचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याने फक्त उजेड-अंधार कळायचा. नदीपलीकडच्या वृद्धनिवासात त्या राहायच्या, आणि चेरीला फुलं यायला लागली की तेत्सुओने आपल्याला या बागेत आणून बसवावं, एवढंच त्यांचं वर्षाचं मागणं. पूर्ण बहर नको असायचा त्यांना. तेव्हा गर्दी होते, दारू पिऊन लोक गातात. पहिली फुलं उमलली की त्यांना झाडाखाली बसायचं असायचं.

एका वर्षी त्याने आईला नवे बूट घेतले, चिकटपट्टीचे, वाकावं लागू नये म्हणून. पण छापखाना सुटून तो पोचला तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती. फुमिएबाई तयार होऊन बसल्या होत्या. बूट हाताने चाचपून म्हणाल्या, "नवे बूट रात्री घराबाहेर काढू नयेत रे. तळाला जराशी काजळी फास, मग चालतं."

"इथे सगळं विजेवर. काजळी कुठून आणू, आई? रविवारी उजेडी जाऊ."

आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. हे त्यानेच मला सांगितलं, मान खाली घालून. दमला होता तो. काडी ओढून बशीखाली धरली असती तरी काजळी निघाली असती.

रविवारी कामाचा ढीग पडला. हॉटेलांची पत्रकं, मिठाईवाल्यांची पाकिटं, सगळ्यांना फुलांच्या आधी हवी. त्याने फोन केला, "आई, अजून फुललीच नाहीत. यंदा थंडी लांबलीय." बुधवारी पुन्हा तेच. बसल्या जागी छापत काय होता? 'फुलं आली, बागेत या'.

पुढच्या आठवड्यात तो भेटायला गेला. तोवर सगळं शहर फुलून गळायलाही लागलं होतं. आईने त्याचा हात धरला, बाही चाचपली आणि बाहीवरून काहीतरी उचललं. पाकळी होती. बोटांत धरून त्या बराच वेळ ती चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून फुलली नाहीत ना?"

तो म्हणाला, "नाही, आई."

चार दिवसांनी त्या झोपेतच गेल्या. सामानाबरोबर बुटांचा खोका घरी आला. आत बुटांना किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती. सानाएने, म्हणजे त्याच्या बायकोने, खोका दाराजवळच्या बुटांच्या कपाटात अगदी वर सरकवला. त्याला तो टाकवेना, उघडवेना.

पुढचं वर्ष आलं. एप्रिलची चार तारीख, गुरुवार. हवामान खातं ज्या झाडावरून शहरातला बहर सुरू झाल्याचं ठरवतं, त्यावर त्या दुपारी पहिली पाच फुलं मोजली गेली, रेडिओवर सांगितलं. म्हणजे पाकळी गळायला आठवडा तरी अवकाश. हे ध्यानात ठेवा. संध्याकाळी साडेसातला इसोगाई कंदिलांच्या कागदांचा गठ्ठा घेऊन इथे आला. मीच मागवला होता. गठ्ठा मंडळाच्या खोपटात ठेवला, कुलूप लावलं आणि या वाटेने परत निघाला. कंदील लागायचे होते. वारा नव्हता.

त्या कोपऱ्यातल्या बाकावर कुणीतरी बसलेलं होतं.

म्हातारी बाई. पाठमोरी. त्याने शिष्टाचार म्हणून मान लववली आणि पुढे झाला.

"अहो, फुलली का?"

रोजच्या सवयीने जीभ चालते ना, तशी त्याची चालली. "नाही अजून," तो म्हणाला.

आणि थांबला.

हे का बोललो आपण? डोक्यावर फांदी होती. फांदीवर दोन फुलं होती. त्याला दिसत होती.

"अजून... नाही?"

आवाज ओळखीचा होता. खाली बघायचं नव्हतं, तरी त्याने बघितलं. पायांत पांढरे मोजे. नुसते मोजे. मातीवर.

 

मग तिचा हात पुढे आला. अंधारातच. त्याच्या बाहीवरून फिरला. हळूहळू. काहीतरी शोधत असल्यासारखा.

बाहीवर काहीच नव्हतं.

"फुललीत," तो म्हणाला. "फुललीत, आई. गेल्या वर्षीही फुलली होती. मला यायचं नव्हतं. मी खोटं बोललो."

हात थांबला.

...

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता.

घरी पोचला तर सानाए दारातच उभी. "आईंचे बूट कुणी काढले? मी आंघोळीला गेले होते, आले तर हे इथे."

नवे बूट दाराशी, टाचा जुळवून, टोकं बाहेरच्या बाजूला. फुमिएबाई ठेवायच्या तसे. चिठ्ठी लोंबतच होती. इसोगाईने एक बूट उलटा केला.

काका थांबले. कपातला चहा निवला होता, तरी त्यांनी तो पिऊन टाकला.

"तळाला काय होतं?" शुन्पेईने विचारलं. तो खिदळत नव्हता.

"काजळी. अंगठ्याने फासलेली. आणि तिच्यावर चिकटलेल्या पाकळ्या, तळ दिसेना इतक्या."

"गेल्या वर्षीच्या असतील," मिओ म्हणाली. "कुणीतरी आधी घातले असतील ते."

"गेल्या वर्षीची पाकळी वाळून तपकिरी होते, पोरी," काका म्हणाले. "या ओल्या होत्या."